चिखल, चहा आणि हायकोर्टाची खुर्ची

आमच्या कोल्हारच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या मैत्रिणींच्या वहीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना जेमतेम सहा ओळी मिळतात. जन्म 18 जानेवारी 1842, निफाड. प्रार्थना समाज. सार्वजनिक सभा. सामाजिक परिषद. मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश. मृत्यू 16 जानेवारी 1901. एका मार्काचा प्रश्न, चार पर्याय, विषय संपला. बारावीनंतर एक वर्ष मीही ती वही घोकली होती.

पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एका असाइनमेंटसाठी रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक हातात पडलं आणि सहा ओळींतला माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. या माणसाच्या अंगावर पुण्याच्या रस्त्यात चिखल उडाला होता. सरकार त्यांची पत्रं फोडून वाचत होतं. एका चहाच्या पेल्यावरून त्यांच्यावर शंकराचार्यांपुढे खटला चालला. ज्या संस्थेसाठी रात्रंदिवस राबले, ती संस्था विरोधकांनी डोळ्यांदेखत ताब्यात घेतली. सनातनी म्हणायचे हा बाटगा आहे, सुधारक म्हणायचे हा भित्रा आहे. आणि हे सगळं चालू असताना हा गृहस्थ रोज वेळेवर कोर्टात जाऊन निकाल देत होता. आज एखादे जजसाहेब यातल्या एका जरी वादात सापडले, तरी रात्री नऊच्या पॅनल चर्चा महिनाभर थांबणार नाहीत.

पहिले चार पदवीधर

आमच्या नगर-मनमाड रस्त्याने शिर्डी, कोपरगाव करत येवल्याला गेलं, की तिथून निफाड लांब नाही. रानड्यांचे वडील गोविंदराव तिथे मामलेदार कचेरीत कारकून होते. नंतर ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले, त्यामुळे महादेवचं बालपण कोल्हापुरात गेलं. मुलगा अबोल आणि थोडा बावळट वाटणारा. आई लवकर गेली. शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये पाठवलं आणि तिथे या अबोल मुलाने वाचनाचा असा सपाटा लावला, की डोळे कायमचे अधू झाले. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या पहिल्या तुकडीत ते होते. 1862 मध्ये विद्यापीठाने पहिल्यांदा बी.ए.ची पदवी दिली, तेव्हा पास झालेले चारच जण होते: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. 1864 मध्ये एम.ए., 1866 मध्ये एलएल.बी. त्याच काळात ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचं संपादनही केलं. म्हणजे आमच्या धंद्यातलेच की! मग सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश, एल्फिन्स्टनला प्राध्यापक अशा नोकऱ्या करत 1871 मध्ये ते पुण्याला सबजज्ज म्हणून आले. खरी गोष्ट सुरू होते ती इथून.

1873 चं लग्न

या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त अडले, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

त्या काळी ब्राह्मण घरांत मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी व्हायची. नवरा वारला की उरलेलं आयुष्य विधवा म्हणून काढायचं. दुसरं लग्न नाही. विष्णुशास्त्री पंडितांनी याविरुद्ध मोहीम उघडली, विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी उभी राहिली आणि रानडे त्यात पुढे होते. 1869 मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह लागला, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्यांवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. त्यात रानड्यांचंही नाव होतं. 1870 मध्ये पुण्यात शास्त्राधारे वादविवाद भरला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध लागला. तरी रानडे मागे हटले नाहीत. शास्त्रात पुनर्विवाहाला आधार आहे, हे ते ग्रंथांचे दाखले देऊन मांडत राहिले. स्वतःच्या घरात विधवा बहीण होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकातला नव्हताच.

मग 1873 च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा 31 वर्षांचे. सगळ्या सुधारकांच्या नजरा त्यांच्याकडे लागल्या. आता हा माणूस बोलल्याप्रमाणे वागणार, एखाद्या विधवेशी लग्न करणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. वडिलांनीही नेमकं तेच ओळखलं. त्यांनी घाईघाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी ठरवली. मुलगी 11 वर्षांची.

रानड्यांनी वडिलांची खूप मनधरणी केली. लग्नच नको म्हणाले. मुलीचे वडील भेटायला आले, तर त्यांच्यापुढे स्वतःचेच दोष मांडले: मी सुधारक आहे, डोळे अधू आहेत, कान नीट नाहीत, विलायतेला जायचं मनात आहे आणि जाऊन आलो तर प्रायश्चित्त घेणार नाही. मुलीच्या बापाने सगळं ऐकून घेतलं आणि मागे काही घेतलं नाही. इकडे वडिलांनी शेवटचं अस्त्र काढलं. ऐकायचं नसेल तर आपला तुझा संबंध संपला. रानडे गप्प झाले. सखूबाईंना जाऊन दोन महिने व्हायच्या आत लग्न लागलं.

पुण्या-मुंबईत जो गदारोळ झाला असेल, त्याची कल्पना करून बघा. विरोधकांना तर आयतं कोलीत मिळालं. मित्रांनीही तोंड फिरवली. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री पंडितांनी स्वतः एका विधवेशी लग्न केलं, त्यामुळे तुलना टळणं शक्यच नव्हतं.

रानड्यांचे चाहते इथे पितृभक्तीचं कारण पुढे करतात. मला ते पटत नाही. कोर्टात वाकायची ज्याला सवय नव्हती, तो घरात वाकला. त्याची किंमत त्याने स्वतः किती मोजली हा वेगळा मुद्दा, पण ती देवराष्ट्र्याच्या 11 वर्षांच्या मुलीने मोजली हे नक्की. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पण पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. लग्न लागल्यावर रानड्यांनी त्या मुलीला पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर लिहिता-वाचता येतं का? येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पाटी-पेन्सिल सुरू झाली. मराठी झाल्यावर इंग्रजी. घरातल्या बायकांनी या मुलीचा छळ मांडला. पुरुषांसारखं पुस्तक घेऊन बसते म्हणून टोमणे, तिच्याशी अबोला, स्वयंपाकघरात वेगळी वागणूक. रानड्यांना हे कळत होतं आणि इथेही ते घरच्यांशी भांडले नाहीत. बायकोला फक्त सांगत राहिले, उलट बोलू नकोस आणि अभ्यास सोडू नकोस. मला हे वाचताना राग येत होता. रमाबाईंना येत नव्हता, किंवा त्यांनी तो लिहिला नाही.

गाढवाची मिरवणूक

1875 मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. मूर्तिपूजेवर घणाघाती टीका करणारा संन्यासी, तोही पेशव्यांच्या पुण्यात. त्यांची व्याख्यानं ठरवण्यात रानडे पुढे होते. शेवटी सप्टेंबरात त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढायची ठरली. विरोधकांनी त्याच दिवशी एका गाढवाला सजवून ‘गर्दभानंद’ म्हणून दुसरी मिरवणूक काढली. पावसाचे दिवस, रस्त्यात राडा. चिखलफेक सुरू झाली, आणि इथे हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. दयानंदांच्या बाजूने जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले होते. रानडे अंगावर चिखल घेऊन घरी आले, कपडे बदलले आणि त्यावर फारसं काही बोलले नाहीत. पुण्याचा न्यायाधीश असून त्यांनी कोणावर खटला भरला नाही.

लोक असे, तर सरकार वेगळंच. सार्वजनिक सभा 1870 मध्ये स्थापन झाली. रानडे पुण्यात आल्यावर तिची बौद्धिक बाजू त्यांच्याकडे आली. शेतकऱ्यांची परिस्थिती, दुष्काळ, जमीन महसूल यांवर सभा आकडेवारीसह अर्ज लिहायची आणि त्यामागे सरकारचाच एक नोकर आहे, हे सरकारला चांगलं ठाऊक होतं. 1876-77 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती काढून सरकारपुढे ठेवली. 1878 मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड पेटलं, मे महिन्यात पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या, आणि संशयाची सुई फिरत फिरत रानड्यांवर आली. तातडीने धुळ्याला बदली. तिथे काही दिवस त्यांच्या टपालावर पाळत होती. रानडे बंडखोर नव्हते, अर्ज-विनंत्यांच्या रस्त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पण सरकारला ते पटायला वेळ लागला. म्हणजे एकीकडे लोक त्यांना सरकारचा माणूस म्हणत आणि सरकार त्यांना बंडवाल्यांचा माणूस समजत होतं.

खतं जाळणारा जिल्हा

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे (आता अहिल्यानगर) येते, कारण रानड्यांच्या न्यायाधीशपणाचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे आहे आणि एमपीएससीच्या वहीत तो नाही.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि त्यांच्याकडची कर्जाची कागदपत्रं, म्हणजे खतं, काढून जाळली. हे लोण लगेच आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर भागात पसरलं. यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जमावाचा रोख माणसं मारण्यावर नव्हता, तो कागदावर होता. कारण कागद सावकाराचा, भाषा सावकाराची, आकडे सावकाराचे आणि अंगठा मात्र शेतकऱ्याचा. कोर्टात तो कागद आला की जज्ज त्यावर हुकूमनामा देणार आणि जमीन जाणार. कर्ज फेडलं नाही तर तुरुंगही होता. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास लोकांना अटक झाली.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जायची मुभा दिली. मुद्दल खरंच किती दिलं होतं, व्याज किती चढवलं, आतापर्यंत फेडलं किती, हे सगळं पहिल्यापासून तपासायचं. मग देणं ठरवून हप्ते बांधून द्यायचे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. दावा दाखल करण्याआधी गावपातळीवर समेटाचा प्रयत्न करायचा.

कायदा कागदावर चांगला होता, पण तो चालवणार कोण? तालुक्याची कोर्टं. आणि ती तो नीट चालवतात का हे बघायला एक खास न्यायाधीश नेमला गेला. रानडे 1881 मध्ये त्या खात्यात दुय्यम म्हणून आले आणि पुढे डॉ. पोलन यांच्यानंतर स्वतः त्या पदावर बसले. म्हणजे चारही जिल्ह्यांतल्या कोर्टांची तपासणी त्यांच्याकडे आली. वर्षातले कित्येक महिने दौरा. तंबू, बैलगाड्या, दप्तरं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, तिथल्या मुन्सफाने दिलेले निकाल काढून वाचायचे, चूक असेल तिथे दुरुस्त करायचे. रमाबाई बऱ्याचदा सोबत असायच्या. डोळे अधू, त्यामुळे वाचून दाखवायचं काम अनेकदा दुसऱ्या कोणाकडे तरी असायचं. गाजावाजा नसलेलं, कंटाळवाणं काम. पण आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीतल्या कोणाची जमीन वाचली असेल, तर ती असल्याच एखाद्या फाइलमुळे वाचली असेल.

सगळं छान झालं असं मात्र नाही. सावकारांनी कायद्यातून वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागले, म्हणजे हिशेब तपासायचा प्रश्नच मिटला. रानड्यांचे विचारही शेतकऱ्याच्या बाजूने सरळ रेषेत जाणारे नव्हते. शेतीत भांडवल आलं पाहिजे, ऐपत असलेल्याच्या हातात जमीन गेली तर ती सुधारेल, असं ते मांडायचे. पूर्वीपेक्षा शेतकऱ्याची स्थिती बरी आहे, असं ते एका भाषणात म्हणाले, तेव्हा 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून त्यांना खरमरीत उत्तर दिलं. दहा वर्षांपूर्वी मिरवणुकीत एका बाजूला असलेले हे दोघं. त्याच वर्षी फुल्यांनी रानड्यांचं ग्रंथकार सभेचं निमंत्रणही नाकारलं. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी म्हणून मला इथे फुले जास्त बरोबर वाटतात. फाइलीत शेतकरी दिसतो, पण चुलीपाशी काय शिजतंय ते फाइलीत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र रानड्यांनी फार आधी ओळखली होती. सावकाराला नुसतं बांधून भागणार नाही, शेतकऱ्याला कमी व्याजाचा पैसा दुसरीकडून मिळाला पाहिजे. म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्यासोबत त्यांनी शेतकी बँकेची योजना पुढे रेटली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचा होता. हिंदुस्थान सरकार तयार झालं, पण लंडनहून नकार आला. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो 1904 मध्ये, रानडे गेल्यावर. आणि आमच्या कोल्हारच्या शेजारी, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तो 1950 मध्ये. पुरंदरची बँक नाकारली गेली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी अभ्यासिकेत विचारला, तेव्हा एक जण म्हणाला की सिलॅबसमध्ये नाही.

एक कप चहा

1884 मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तेच आजचं हुजूरपागा. रानडे, भांडारकर, मोडक हे त्यामागे होते. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवून काय करायचंय, अशी टीका टिळकांच्या वर्तुळातून झाली. पुढे 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर रणकंदन झालं. कायदा इतकाच होता की 12 वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा, भले ती पत्नी असो. आधी ही मर्यादा 10 होती. रानड्यांनी पाठिंबा दिला, टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये हा टिळकांचा मुद्दा. 11 वर्षांच्या मुलीशी लग्न केलेला माणूस या कायद्याच्या बाजूने उभा होता, हे विरोधकांनी ऐकवल्याशिवाय सोडलं नसणार.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळावरही रानडे होते. तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा आरोप झाला, तेव्हा 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर राजीनामा देऊन बाहेर पडले. सनातनी म्हणाले, आम्ही आधीच सांगत होतो. पंडिताबाईंच्या बाजूचे म्हणाले, ऐन वेळी साथ सोडली.

पण सगळ्यात गाजलं ते चहाचं प्रकरण. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली चाळीसेक प्रतिष्ठित मंडळी गेली होती. नंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हातात धरला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी या उपद्व्यापी गृहस्थांनी हजर असणाऱ्यांची यादी वर्तमानपत्रात छापून टाकली. झालं! ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायले म्हणून ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली. गंमत म्हणजे यादीत रानड्यांसोबत टिळकही होते. टिळकांनी आपण प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून वाट काढली, तरी त्यांचाही त्रास लगेच संपला नाही.

रानडे बराच काळ ठाम राहिले. बहिष्कार त्यांना नवा नव्हता. पण त्यांच्यासोबत अडकलेले मित्र होते, ज्यांच्या घरी भटजी येईनात, मुलींची लग्नं अडली, श्राद्धं अडली. त्यांनी गळ घातली, तुम्ही घेतलंत तर आम्हालाही घेता येईल. 1892 मध्ये रानडे लोणावळ्याहून पुण्याला आले, प्रायश्चित्त घेतलं आणि परत गेले. रमाबाईंचा आधी विश्वासच बसेना. सुधारकांनी पुन्हा झोड उठवली, आणि या वेळी 1873 ची आठवण काढूनच. विलायतेला जाऊन आलो तरी प्रायश्चित्त घेणार नाही, असं भावी सासऱ्याला बजावणाऱ्या माणसाने ते एका चहासाठी घेतलं. मी हे दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की 1873 मध्ये झुकले तेव्हा भार एका मुलीवर गेला, आणि 1892 मध्ये झुकले तेव्हा मित्रांचा भार स्वतःच्या नावावर घेतला. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

या सगळ्या धबडग्यातला एक हलका किस्सा. 1886 मध्ये सरकारी खर्चकपात समितीवर नेमणूक झाली, त्या कामात कलकत्त्याला राहायची वेळ आली. रानड्यांनी बंगाली शिकायला घेतली. एक दिवस रमाबाई बघतात तर साहेब न्हाव्यापुढे बसलेत, हातात बंगाली पुस्तक आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ न्हाव्याला विचारणं चाललंय. रमाबाईंनी मास्तर कोण मिळालाय म्हणून भरपूर चेष्टा केली. त्याही बंगाली शिकल्या.

मांडव कुणाचा?

1893 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली वारले आणि त्यांच्या जागी नोव्हेंबरात रानडे मुंबई हायकोर्टात आले. पुण्याने जोरदार निरोप दिला. चिखल फेकणारं शहर तेच होतं. हायकोर्टातली सात वर्षं शांत गेली. हिंदू कायद्यावरचे लांबलचक, अभ्यासपूर्ण निकाल त्यांनी दिले. कोर्टाबाहेर मात्र शांतता नव्हती.

सरकारी नोकर असल्याने रानडे काँग्रेसचे अध्यक्ष होऊ शकत नव्हते, पण तिच्या जन्मापासून ते सोबत होते. 1887 पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून सामाजिक परिषद भरवायची पद्धत त्यांनी पाडली. तोच मांडव, तेच पाहुणे, एक दिवस राजकारण नाही तर विधवा, बालविवाह, जातपात यांवर बोलायचं. 1895 मध्ये अधिवेशन पुण्यात ठरलं आणि टिळकांच्या गटाने हरकत घेतली. काँग्रेसच्या मांडवात सुधारकांची परिषद नको. प्रकरण इतकं तापलं की मांडव जाळायच्या धमक्यांची चर्चा होती. त्याच वर्षी जुलैमध्ये सार्वजनिक सभेची सूत्रंही टिळकांच्या बाजूला गेली होती. सभेत गोपाळ कृष्ण गोखले रानड्यांच्या हाताखाली तयार झालेले, त्यांना हे फार लागलं.

रानड्यांनी काय केलं? मांडव सोडला. परिषद दुसरीकडे मांडव घालून भरवली आणि ती व्यवस्थित पार पडली. पुढच्या वर्षी त्यांनी डेक्कन सभा नावाची वेगळी संस्था काढली. टिळकांविरुद्ध मोर्चा उघडला नाही. हा शहाणपणा की पळपुटेपणा, यावर आजही वाद घालता येईल. आमच्या वर्गात घातला, दोन्ही बाजूंना सारखी मुलं होती.

1900 मध्ये त्यांचं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्या वर्षी सामाजिक परिषद लाहोरला होती. तब्येत बिघडलेली, डॉक्टरांनी जायला मनाई केली. सुरुवात झाल्यापासून न चुकवलेली परिषद पहिल्यांदा चुकली. जानेवारीत हायकोर्टातून दीर्घ रजा घेतली, पण ती उपभोगायची वेळ आली नाही. 16 जानेवारी 1901 च्या रात्री मुंबईत त्यांचं निधन झालं. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेल्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मनापासून गौरवपर लेख लिहिला. आणि 1943 मध्ये 18 जानेवारीला डेक्कन सभेनेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुण्यात रानड्यांवर बोलायला बोलावलं, तेव्हा आंबेडकरांनी त्यांची तुलना थेट गांधी आणि जिनांशी केली आणि रानड्यांचं पारडं जड ठरवलं.

रमाबाई तेव्हा 38 वर्षांच्या होत्या, आठवड्यावर एकोणचाळिसावा वाढदिवस. काही महिने त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. मग तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, विधवांना आणि परित्यक्तांना नर्सिंग आणि शिक्षकी पेशाचं शिक्षण दिलं. 1910 मध्ये आठवणी छापल्या. त्यात आपल्या लग्नाची गोष्ट त्यांनी सगळी सांगितली आहे: सासऱ्यांची घाई, वडिलांपुढे मांडलेले दोष, पहिल्या दिवशीची पाटी. तक्रार एका शब्दाची नाही. मी ते पुस्तक अभ्यासिकेतल्या मैत्रिणीला दिलंय. परीक्षा झाल्यावर वाचते म्हणाली.